सवयीचे व्याकरण

चित्रात एरवी बिस्किटांवर तुटून पडणारा कुकी मॉन्स्टर आजारी पडून अंथरुणात आहे. शेजारी एल्मो बिस्किटे खातो आहे. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातली ही पात्रे दाखवून अमेरिकी भाषाअभ्यासक जॅनिस जॅक्सन यांनी मुलांना विचारले, 'हू बी ईटिंग कुकीज?' गोऱ्या मुलांनी बहुतेक वेळा एल्मोकडे बोट दाखवले. कृष्णवर्णीय मुलांचा कल कुकी मॉन्स्टरकडे होता. त्यांच्या बोलीत हा 'बी' सवय सांगतो. बिस्किटे आत्ता कोण खातो आहे हे नव्हे, तर एरवी कोण खातो. 'इज' घालून विचारले की तीच मुले एल्मो दाखवीत. ज्या बोलीला अनेकजण अशुद्ध म्हणून हिणवतात, तिच्यात इतकी नेमकी सोय आहे आणि लहान वयातच ती मुलांच्या अंगवळणी पडलेली असते!

घटना डोळ्यांना दिसते, सवय दिसत नाही. ती अनेक दिवसांवरून ओळखावी लागते. म्हणून तिच्यासाठी भाषा वेगळी रूपे घडवतात. संस्कृतात धातूचा आरंभ दोनदा उच्चारून 'जाज्वल्यते', 'देदीप्यते' अशी रूपे होतात. क्रिया पुन्हा पुन्हा किंवा अतिशय होणे याला पाणिनीने 'क्रियासमभिहार' म्हटले. मराठीत आलेल्या 'जाज्वल्य' आणि 'देदीप्यमान' या शब्दांत त्यातला अतिशयपणा टिकला, पुन्हा पुन्हा होणे गळून गेले.

ते सांगायला आपल्याकडे 'उठसूट', 'येता-जाता', 'घडोघडी' आहेत. पण मला खरे नवल वाटते ते क्रियापदाचे. 'आजी पहाटे उठली' ही एका दिवसाची गोष्ट. 'आजी पहाटे उठे' यात तिची सारी वर्षे आली. या रूपाला आपण रीती भूतकाळ म्हणतो, पण ते मुळात भूतकाळाचे नाहीच. संस्कृत 'करोति', प्राकृत 'करइ', त्यावरून 'करी'. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'करी' म्हणजे 'करतो'. 'दाम करी काम' या म्हणीत तो अर्थ अजून जिवंत आहे. पुढे 'करतो' हे नवे रूप रुळले, त्याने वर्तमानाचा कारभार घेतला आणि 'करी' गेलेल्या काळातल्या सवयीपुरते उरले.

आता तेही बोलण्यातून जवळपास गेले आहे. 'उठे' पुस्तकात भेटते. घरात आपण 'आजी पहाटे उठायची' असेच म्हणतो. आणि हे नवे रूप आले आहे उलट्या दिशेने: 'उद्या लवकर उठायचे आहे' म्हणताना तेच 'उठायचे' अजून न घडलेली गोष्ट सांगते.