साताऱ्याचा लंडनमधला वकील

वकील म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. पेशवाईत मात्र वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपल्या धन्याचा माणूस. दिल्लीला हिंगणे होते, हैदराबादला गोविंदराव काळे. धन्याचे म्हणणे मांडायचे, तहाची बोलणी करायची आणि त्या दरबारात काय शिजते आहे ते लिहून कळवायचे, हे त्यांचे काम.

पण नुसता धनी असून भागत नाही. समोरच्या दरबारानेही वकिलाला वकील म्हणून मानावे लागते. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही राजदूत नेमण्यापूर्वी यजमान देशाची संमती घ्यावी, असेच ठरले आहे. ही संमती नसली म्हणजे काय होते, ते साताऱ्याने अनुभवले.

२५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. महाराजांनी बाहेरच्या कोणाशीही परभारे व्यवहार करू नये, जे काही असेल ते इंग्रज अधिकाऱ्यामार्फत, अशी त्यात अट होती. म्हणजे बघा, राज्य दिले, पण बोलण्याचा हक्क काढून घेतला! पुढे हीच अट महाराजांवर उलटली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि पलटणीतल्या शिपायांना फितवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. दोष कबूल करा, गादी राहील, असे त्यांना सांगण्यात आले. महाराज नाही म्हणाले. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून पुढे काशीला ठेवले.

आता दाद मागायची कुठे? ज्याच्यामार्फत तक्रार करायची, तक्रार त्याच्याचविरुद्ध! म्हणून महाराजांनी रंगो बापूजी गुप्ते यांना थेट विलायतेला धाडले. कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांना वकील म्हणून मानले नाही. पण रंगो बापूजी हात हलवीत परतले नाहीत. त्यांनी कंपनीच्या भागीदारांना गाठले, पार्लमेंटातल्या जोसेफ ह्यूमसारख्या सभासदांना गाठले. जॉर्ज थॉम्सन या नामांकित वक्त्याने साताऱ्याची बाजू सभांतून मांडली. दरबाराचे दार बंद झाले, तेव्हा या वकिलाने तिथल्या लोकमताचे दार ठोठावले. आजचे राजदूतही हेच करतात.

१८४७ त महाराज वारले. १८४८ त डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताराही खालसा केला. धनी गेला, राज्य गेले, तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले.

राज्य काही परत मिळाले नाही. पण साताऱ्याचे कागद पार्लमेंटासाठी छापले गेले, आणि कंपनीचा कारभार तिच्याच देशात चव्हाट्यावर आला. १८५७ त साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. रंगो बापूजींचे चिरंजीव सीताराम इतरांबरोबर गेंडामाळावर फाशी गेले. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

तेरा वर्षे या माणसाने अर्ज केले, भाषणे घडवली, कागद छापवले. त्याच्या बोलण्याला मान देणारा दरबार नव्हता, म्हणूनच त्याला शेवटी दुसरी वाट धरावी लागली.