चिमटा लावून बाळंतपण, आणि पुढचं दुखणं

'अडलं होतं, चिमटा लावावा लागला,' असं बारशाला सांगितलं जातं आणि बायका 'सुटलीस गं बाई!' म्हणून पाळण्याकडे वळतात. आईला काय झालं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या नात्यातल्या एक वहिनी अकरा वर्षं लांबच्या लग्नाला गेल्या नाहीत. एसटीत तीन तास बसायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. वायू आवरत नाही, शौचाची घाई झाली की थांबवता येत नाही. सासूबाई म्हणायच्या, 'बाळंतपणात असं व्हायचंच.' शेवटी मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. शौचाची जागा आवळून धरणारा स्नायू बाळंतपणात फाटला होता आणि तो शिवलाच गेला नव्हता. वरवरचे टाके तेवढे घातलेले. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'नॉर्मल डिलिव्हरी'!

चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरला म्हणजे डॉक्टर चुकले, असं मुळीच नाही. बाळाचे ठोके मंदावले की याच अवजारांनी जीव वाचतात. चिमट्याने आईला इजा व्हायचा धोका जास्त, तर व्हॅक्यूमने बाळाच्या टाळूवर रक्त साकळण्याचा. सूज पसरत चालली, बाळ पांढरंफटक किंवा मलूल दिसलं, तर घरगुती शेक देत बसू नका, ताबडतोब दाखवा.

इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही. प्रश्न वेगळे आहेत. अवजार लावताना बाईला सांगितलं होतं का? कप पुन्हा पुन्हा निसटूनही ओढणं चालूच ठेवलं का? नंतर शौचाच्या जागेतून बोट घालून स्नायू तपासला का? ही तपासणी मिनिटाभराची असते हो!

याची उत्तरं केसपेपरात असतात. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत आणि ते तीन वर्षं जपावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२चा नियम आहे. वहिनींना अकरा वर्षांनी काय मिळणार? म्हणून टाके ओले असतानाच कागद मागा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत साधारण दोन वर्षं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याला मात्र हा मार्ग लागू नाही.

वहिनींनी तक्रार नको म्हटलं. त्यांनी फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू केले. तेवढ्याने भागलं नाही, तर स्नायू शिवायची शस्त्रक्रियाही होऊ शकते. आणि अशी इजा झालेल्या बाईने पुढच्या खेपेला दिवस राहिले, की पहिल्याच तपासणीत हे डॉक्टरांना सांगायचं. सिझेरियन करायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.