कॉम्प्युटरची 'डिफॉल्ट सेटिंग' येते कुठून? पहिलं बिल छापण्याआधी हे तपासा!



भातकुलीत ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, बिलं करून देणारं छोटं सेंटर टाकायचा विचार करताय? खर्च वाचवायला जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं उबुंटू टाकताय? चांगलंच आहे. फक्त एक गोष्ट आधी बघा.

समजा बिलावर तारीख छापून आली 03/04/2025. आपल्यासाठी ही 3 एप्रिल. अमेरिकन पद्धतीने हीच 4 मार्च! म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. 4 मार्च 2024-25 मध्ये जाते, 3 एप्रिल 2025-26 मध्ये. दुकानदाराचा हिशेब जुळला नाही, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

मग अशा सेटिंग ठरवतं कोण? तीन ठिकाणं लक्षात ठेवा.

1. प्रोग्रामच्या पोटात: टर्मिनलमध्ये आपण कमांड देतो ते 'बॅश' नावाचं शेल. मागच्या 500 कमांड लक्षात ठेवायच्या, हे बनवणाऱ्यांनी आतच लिहून ठेवलंय.

2. पूर्ण मशीनसाठी: 'ईटीसी' नावाचं फोल्डर. इथलं सगळ्यांना लागू.

3. तुमच्या खात्यात: 'डॉट बॅशआरसी' ही फाईल. नवीन खातं उघडलं की उबुंटू 'ईटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरमधून तिची कॉपी देतं. त्यात 500 चे 1000 केलेले असतात.

नियम सोपा आहे: जो शेवटी बोलतो, त्याचं चालतं. म्हणून 1000.

तारखेचंही तसंच. इन्स्टॉल करणाऱ्याने जी भाषा आणि ठिकाण निवडलं, त्यावरून ती ठरते. टर्मिनलमध्ये 'लोकेल' हा शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाईप करून एंटर दाबा. 'एलसी टाईम'च्या ओळीत 'यूएस' दिसलं तर अमेरिकन पद्धत, 'आयएन' दिसलं तर भारतीय. बदलायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीजन अँड लँग्वेज' शोधा, फॉरमॅट 'इंडिया' करा आणि लॉगआउट करून परत लॉगइन करा. दोन ऑपरेटरची दोन खाती असतील तर दोन्ही तपासा.

काही बिलिंग सॉफ्टवेअरची तारखेची सेटिंग वेगळी असते. म्हणून 25 डिसेंबरचं एक नमुना बिल छापा. 12/25 आलं, तर समजा दुसऱ्याचा निर्णय तुमच्या दुकानात चालतोय.

आपला धंदा, आपली सेटिंग. आजच तपासा!