तेराव्याचं नववं झालं तर?

आठशे पानांचा ग्रंथ मांडायला घेतला की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मजकूर येतो, प्रुफं जातात, दुरुस्त्या होतात. मग संपादक तेरावं प्रकरण नववं करायला सांगतात, लेखक नवा नकाशा पाठवतात, आणि फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल नवं’, ‘फायनल सरांकडून’ अशा तीन फाइली निघतात. त्यातली खरी कोणती हे ज्याला ठाऊक, तो नेमका गावी गेलेला असतो.

खिळ्यांच्या छपाईत हा घोळ घालायची ऐपतच नव्हती. फॉर्मा छापून झाला की जुळवलेली पानं सोडवायची आणि खिळे केसमधल्या आपापल्या घरात परत टाकायचे. नाहीतर पुढचा फॉर्मा जुळवणार कशाने? संगणकावर जागा जवळपास फुकट, त्यामुळे जुनं काही टाकलंच जात नाही.

यावरचा सर्वांत विचारपूर्वक तोडगा गणिताच्या पुस्तकांनी काढला. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची अक्षरजुळणी पाहून नाराज झालेल्या संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली लिहायला घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ रचली. लाटेकमध्ये मोठ्या पुस्तकाची मुख्य फाइल जेमतेम पानभराची असू शकते. तिच्यात मजकूर नसतोच. पानाचा आकार, फाँट आणि कोणत्या प्रकरणामागून कोणतं, एवढंच. तेराव्याचं नववं करायचं तर एक ओळ उचलून वर ठेवायची. प्रकरणांचे क्रमांक, पृष्ठांक, अनुक्रमणिका सगळं यंत्र नव्याने मोजतं.

म्हणूनच प्रकरणाच्या फाइलीला ‘प्रकरण १३’ असं नाव देऊ नये. ‘दुष्काळ’, ‘रेल्वे’ अशी विषयाची नावं टिकतात, क्रमांक टिकत नाहीत.

एका वेळी एकाच प्रकरणावर काम करायचीही सोय आहे. ‘इन्क्लूड’ या आज्ञेने जोडलेल्या प्रत्येक प्रकरणाची एक छोटी सोबतफाइल तयार होते. त्यात शीर्षकं, पृष्ठांक, ‘पाहा पृष्ठ ३१२’ असले संदर्भ नोंदलेले असतात. ‘इन्क्लूडओन्ली’ सांगून फक्त ‘रेल्वे’ छापलं, तरी बाकीच्या प्रकरणांचे आकडे या नोंदींतून घेतले जातात. मात्र इन्क्लूड दर वेळी नवं पान सुरू करतं. चार ओळींचा तक्ता त्याने जोडलात, तर अर्धं पान कोरं गेलंच म्हणून समजा. तिथे ‘इनपुट’ वापरायचं.

या सोबतफाइली हाच मुख्य मुद्दा. माणसाने लिहिलेलं वेगळं, यंत्राने केलेलं वेगळं. मजकूर, ग्रंथसूचीची फाइल, मूळ छायाचित्रं ही पहिल्या जातीची. अनुक्रमणिका, संदर्भांच्या नोंदी आणि खुद्द पीडीएफसुद्धा दुसऱ्या. दुसरी जात खुशाल पुसावी, दोन-तीन फेऱ्यांत ती पुन्हा उभी राहते. सरमिसळ झाली की भीतीपोटी कुणी काहीच पुसत नाही, आणि फोल्डर फुगत जातं.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या इनडिझाइनमध्येही तत्त्व हेच. तिथे ‘बुक’ फाइल प्रकरणांची मोट बांधते. चित्रं सहसा पानात भरलेली नसून जोडलेली असतात; मूळ चित्र दुसऱ्या फोल्डरात हलवलं की जोड तुटते. ‘पॅकेज’ ही आज्ञा मांडणी, चित्रं आणि परवानगी असलेले फाँट एकत्र गोळा करून देते. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलेला मजकूर असेल तर याला पर्याय नाही, कारण तो फाँट नसलेल्या संगणकावर अख्खं प्रकरण अगम्य चिन्हांत उघडतं.

फाइलींच्या नावांत आणखी एक मेख आहे. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, पण कित्येक प्रणालींना ती दोन वेगळी नावं वाटतात आणि नकाशा समोर असून ‘सापडत नाही’. रोमन नावांतही विंडोज लहान-मोठी अक्षरं सहसा एकच धरतं, लिनक्स धरत नाही. फाइलींची नावं साध्या लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवावीत. मराठीचा अभिमान आतल्या मजकुरात दाखवायला आठशे पानं आहेतच.

आणि ग्रंथ छापखान्यात धाडण्याआधी एक करा: अख्खं फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि तिथे पीडीएफ पहिल्यापासून तयार करा. एखादा नकाशा किंवा फाँट राहून गेला असेल, तर तो तिथेच कळेल.