खुब्याचा आजार आणि डिसॅबिलिटी पेन्शनचे अपील: कागदांत काय पाहावे, डॉक्टरांकडून काय लिहून घ्यावे

फौजेतून निवृत्त झालेले रुग्ण खुब्याचे दुखणे घेऊन येतात, तेव्हा पिशवीत एमआरआयची फिल्म असते आणि बऱ्याचदा एक पत्रही असते. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, असा त्या पत्राचा मतितार्थ. मग रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, खुबा पूर्ण गेलाय असं जोरात लिहून द्या."

मी लिहून देतो, पण तेवढ्याने काम होत नाही. खुबा खराब आहे हे बहुधा मेडिकल बोर्डानेही मान्य केलेले असते. वाद असतो तो दुखणे कधी आणि कशामुळे सुरू झाले याचा. तुमचा एमआरआय आजचा आहे आणि प्रश्न दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आहे.

म्हणून आधी जुने कागद गोळा करा. सेवामुक्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर असतो. त्याची प्रत नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करा, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. भरतीच्या वेळची तपासणी, सिक रिपोर्टच्या नोंदी, लष्करी रुग्णालयातील केस शीट, मेडिकल कॅटेगरी खाली आणल्याचे कागद, हे सगळे हवे.

दुखणे खुब्याचे, नोंद कमरेची

हे कागद वाचताना एक गोष्ट विसरू नका. खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुतेक वेळा जांघेत जाणवते, कधी मांडीत, आणि कित्येकदा फक्त गुडघ्यात. आपण मात्र कुल्ल्यापासून पाठीपर्यंत कुठेही दुखले तरी "कंबर धरली" म्हणतो. जवानाने सिक रिपोर्टला जाऊन कंबर दुखते सांगितले की नोंद होते पाठदुखीची आणि गोळ्या मिळतात. गुडघा सांगितला तर एक्स-रे गुडघ्याचा निघतो, तो चांगलाच येतो.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त हवालदारांच्या कागदांत खुबा हा शब्द शेवटच्या दोन वर्षांतच होता. त्याआधीच्या सहा वर्षांत डाव्या गुडघ्याच्या चार तक्रारी होत्या. गुडघा आजही ठणठणीत आहे, डावा खुबा गेलेला आहे. त्या चार नोंदी बिनकामाच्या समजून त्यांनी त्या अपिलाला जोडल्याच नव्हत्या.

खुब्याचा एव्हीएन हा आजार तर असाच लपून वाढतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो, आतले हाड मरते आणि पुढे गोल दबून चपटा होतो. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो, एमआरआयमध्येच ते कळते. त्यामुळे 'त्या वर्षी एक्स-रे नॉर्मल होता' एवढ्यावरून आजार तेव्हा नव्हताच, असे सिद्ध होत नाही. तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना हे वाक्य कारणासहित लिहायला सांगा.

कारणांचाही विचार करा. खुबा निखळणे किंवा मांडीच्या हाडाची मान मोडणे, यानंतर एव्हीएन होऊ शकतो. लांब मार्च आणि ओझे घेऊन धावणे यामुळे हाडाच्या मानेला बारीक चीर जाते, ती प्रशिक्षणातल्या जवानांत दिसते. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी सेवेत असताना जास्त मात्रेत स्टेरॉइड दिले असेल तर ते महत्त्वाचे कारण आहे आणि त्याचा पुरावा केस शीटमध्येच मिळेल. नौदलातल्या पाणबुड्यांमध्ये हवेच्या दाबातील बदलांमुळेही हाड मरते. जास्त दारू हेही खरे कारण आहे. ती घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, पण घेत नसताना कागदावर तशी नोंद असेल तर अपिलात तिला उत्तर द्या.

कायदा तुमच्या बाजूने किती?

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे धरायचे, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार सरकारवर. बोर्डाने नुसते 'सेवेशी संबंध नाही' लिहून चालत नाही, कारणे द्यावी लागतात. याचा अर्थ प्रत्येक खुब्याला पेन्शन, असा मात्र नाही. बोर्डाने पटण्याजोगी कारणे दिली असतील तर त्याच्या मताला वजन असते. म्हणून अहवालातला कारणांचा रकाना आधी वाचा. तिथे एकच ओळ असेल तर तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

टक्केवारी हा वेगळा प्रश्न. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना साधारणपणे किमान २० टक्के अपंगत्व लागते. आजारामुळे सेवेतून काढले असेल तर ते २० टक्क्यांहून जास्त धरावे, असे २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात आहे. त्याच वर्षीच्या राम अवतार निकालामुळे मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वर नेण्याचा लाभ मिळाला: ५० च्या खाली असेल तर ५०, ७५ पर्यंत ७५, त्यापुढे १००. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवामुक्त झाला असाल तर जुन्या सहकाऱ्याच्या केसवरून अंदाज बांधू नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

नामंजुरीचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून सगळे संपले असे समजू नका, कारणे दाखवून उशीर माफ होऊ शकतो. पण थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणजे बसून राहिलात तर नुकसान तुमचेच.

डॉक्टरांच्या पत्रात काय हवे

'रुग्णास चालताना त्रास होतो' हे वाक्य मी स्वतः अनेकदा लिहिले आहे आणि ते फारसे उपयोगाचे नाही. मोजमाप हवे. खुबा किती अंश वाकतो (निरोगी खुबा साधारण १२० अंश वाकतो), पाय आत किती वळतो, दोन पायांच्या लांबीत किती सेंटीमीटर फरक आहे, किती अंतर चालल्यावर थांबावे लागते, काठी लागते का, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येते का. त्याखाली जुन्या नोंदी तारखांसह, आणि त्यांचा आजच्या खुब्याशी संबंध का वाटतो याचे कारण. 'सेवेमुळेच झाले' असे ठासून लिहिण्यापेक्षा हे जास्त टिकते.

आणि एक विनंती. अपील चालू आहे, टक्केवारी कमी होईल, म्हणून काही जण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. तोवर मांडीचे स्नायू बारीक होतात, लंगडण्याने कंबर आणि दुसरा गुडघा बिघडतो. शस्त्रक्रियेआधीचे एक्स-रे, एमआरआय आणि वरची मोजमापे तारीख घालून जपून ठेवा, म्हणजे पुरावा कुठे जात नाही. सांधा बदलायचा की नाही हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांबरोबर ठरवा, वकिलाबरोबर नाही. ईसीएचएसचे कार्ड असेल तर त्यासाठी पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या.