पाच सेल आणि एक हातोडा

सावद्याहून फैजपूरला येताना रस्त्याच्या कडेला ट्रक उभा दिसला, की आमच्याकडचा माणूस आधी मागे बघतो: माल भरलाय की रिकामा? रिकामा असेल तर ड्रायव्हर निवांत झाडाखाली असतो. केळी भरलेली असेल तर तो चाकापाशी उकिडवा बसलेला दिसतो. घड एकदा कापला की त्याचं पिकणं कोणासाठी थांबत नाही आणि उत्तरेकडच्या बाजाराचा पल्ला लांबचा. अशा वेळी चाकाचा एक गंजका नट अडून बसला, तर शेतकरी, व्यापारी आणि ड्रायव्हर या तिघांचाही जीव टांगणीला लागतो.

माझ्या लहानपणी हा नट अंगाच्या वजनाने सोडवायचे. चाकपान्ह्यात मीटरभर लांब पाइप घालायचा आणि त्याच्या टोकावर उभं राहायचं. या उभं राहण्यात गणित आहे. मीटरभर दांड्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं की नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. कारच्या चाकाचे नट एवढ्यावरच आवळलेले असतात. मोठ्या ट्रकचा नट ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ६० किलोचा माणूस पाइपच्या टोकावर उभा. गंज चढला असेल तर त्याच्या सोबतीला आणखी एक. पाइप निसटून गुडघे फुटलेली, दात पडलेली माणसं प्रत्येक गॅरेजात सापडतात.

हेच काम करणारी, बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन नुसती जोर लावत नाही, ती घाव घालते. आत मोटर असते आणि मोटरपुढे फिरणारा लोखंडी हातोडा. नट सहज फिरत असतो तोवर हातोडा आणि गोटी (सॉकेट) धरणारा दांडा एकत्र फिरतात. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, दांड्याच्या कानावरून सुटतो, पुन्हा पुढे झेपावतो आणि बाजूने ठोका देतो. मिनिटाला असे दोन-तीन हजार ठोके. पाइपवर उभं राहणं आणि पान्ह्यावर घणाचे ठोके देणं यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. गंज सततच्या दाबाला दाद देत नाही, ठोक्याला देतो. आणि ठोक्याचा बराचसा उलटा धक्का हातोड्याच्या वेगातच जिरतो, म्हणून मनगट पिरगळत नाही. इतकी ताकद आणि तरी ती एका हातात धरता येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हवेवरची गन ही कामं पूर्वीपासून करते आणि मोठ्या ट्रकांच्या टायर दुकानात एक इंची दांड्याच्या हवेच्या गनला मी अजूनही पहिला मान देईन. पण कंप्रेसरला वीज लागते आणि कंप्रेसर जागचा हलत नाही. ट्रॅक्टर अडतो तो केळीच्या बागेत, दुकानाच्या दारात नाही. तिथे मोटरसायकलला पिशवी लटकवून जाता येईल, अशीच गन हवी.

म्हणून निवडीची सुरुवात गिऱ्हाइकांपासून करावी. कार, बोलेरो, छोटे पिकअप एवढंच येत असेल तर अर्धा इंची गन पुरे. ट्रॅक्टरची मागची चाकं आणि ट्रक येत असतील तर पाऊण इंची घ्यावी आणि तिचं वजन सोसावं. अर्ध्या इंचीला जोडणी लावून ट्रकचा नट सोडवायला जाणारे पाहिलेत. प्रत्येक जोड आणि प्रत्येक ढिली गोटी ठोक्यातला जोर खाते. गोटी काळी, इम्पॅक्टचीच हवी. चकचकीत क्रोमची गोटी हातपान्ह्यासाठी असते, ठोक्याखाली ती तडकून तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

खोक्यावर बहुधा दोन आकडे असतात. मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या गनला आवळताना ३३० न्यूटन-मीटर आणि सोडवताना ५८० असे दोन आकडे आहेत. दुकानदार मोठा आकडा सांगतो. तो खोटा नसतो, पण तो आवळलेला नट सोडवण्याचा असतो. लहान आकडा पाहून गन घेतली की पस्तावायची वेळ येत नाही.

व्होल्टच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. अंगावर १२८ असा ठळक आकडा छापलेली एक स्वस्त गन घेतली आणि दोन महिन्यांत तिची बॅटरी बसली. उघडून पाहिली तर आत १० सेल, पाच-पाचच्या दोन रांगा. लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पाच सेल एकामागे एक लावले की १८. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, म्हणून तीच बॅटरी २१ व्होल्टची म्हणूनही विकता येते. १८, २० आणि २१ हे तिन्ही आकडे एकाच पाच सेलांचे. तेव्हा व्होल्टवर भांडण्याऐवजी अँपिअर-अवर पाहावेत. ५ अँपिअर-अवरची बॅटरी २ च्या बॅटरीपेक्षा जास्त वेळ तर चालतेच, पण भार आल्यावर तिचे व्होल्टही कमी घसरतात. तीच गन मोठ्या बॅटरीवर जास्त जोराने ठोकते.

आता आमचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये हात लावेल ते लोखंड चटका देतं. लिथियमला थंडीपेक्षा ही धग जास्त मारते. चांगल्या कंपन्या ४० अंशांच्या वर चार्जिंग करू नका असं पुस्तिकेत लिहितात. चांगला चार्जर तापलेली बॅटरी निवेपर्यंत थांबून राहतो. स्वस्त चार्जर थांबत नाही, तिथेच बॅटरीचं आयुष्य जातं. थंड देशातल्या मेकॅनिकला चार्जर कसा आहे हे विचारावंसं वाटणार नाही. फैजपूरच्या माणसाने गन हातात घेण्याआधी तेच विचारावं. आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात: एक कामाला, एक सावलीत.

सावदा रस्त्यावरचे एक म्हातारे मिस्तरी काका हे सगळं पुस्तिका न वाचता करतात. भल्या पहाटे, शेड तापायच्या आत, दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवतात. परवा त्यांच्याकडे पिकअपचं चाक बसवत होते. नट गनने नुसते टेकवले आणि गन खाली ठेवली. मी म्हटलं, "काका, मशीन आहे ना?" ते म्हणाले, "गन सोडाले हाये भो, कसाले हात." मग लांब दांड्याचा टॉर्क पाना घेऊन त्यांनी समोरासमोरचे नट आळीपाळीने कसले, प्रत्येक नटाला 'कट' असा आवाज येईपर्यंत. गनने दाबून कसलेला नट स्टड ताणतो, ब्रेकची डिस्क वाकडी करतो आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या छोट्या पान्ह्याने घरच्या माणसाला तो सुटत नाही. काकांनी जॅक उतरवला, गनमधली गरम बॅटरी काढली आणि आतल्या मातीच्या खोलीत, माठाच्या शेजारी पण ओल लागणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवली.