जळक्या तेलाचं काय करता?

गणपती जवळ आले की दुकानाच्या गल्ल्याशी पावतीपुस्तकं येऊ लागतात. बहुतेक छोट्या व्यावसायिकांच्या लेखी सामाजिक जबाबदारी ती एवढीच: पावती फाडायची आणि फ्लेक्सवर आपलं नाव आलं का ते बघायचं. मोठ्या कंपन्यांसाठी २०१३चा कंपनी कायदा आहे. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. फरसाणवाल्याला हे लागू नाही. पण त्याची जबाबदारी रोज त्याच्या कढईत उकळत असते, आणि तिच्यात त्याचे पैसेही अडकलेले असतात.

संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर एखादी भट्टी बघा. कढईच्या कडांना चिकट राप धरलेला, तळाशी शेवेचा चुरा काळा पडलेला, तेलावरचा फेस विरायला तयार नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की पदार्थातलं पाणी आणि हवा यांच्यामुळे त्याचं विघटन होतं आणि ध्रुवीय संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८पासून आहे. हे मोजायला हातात मावेल असं मीटर मिळतं.

मग ते तेल जातं कुठे? फेकायला जीव होत नाही, म्हणून पडेल भावात एखाद्या गाडीवाल्याला विकलं जातं आणि दुसऱ्याच्या कढईतून लोकांच्या पोटात जातं. नाहीतर मोरीत ओततात. ते ड्रेनेजमध्ये थिजतं आणि पहिलं चोकअप बहुधा त्याच दुकानासमोर होतं.

तिसरी वाट २०१८मध्येच ‘रुको’ योजनेने खुली केली. मान्यताप्राप्त संस्था वापरलेलं तेल विकत घेतात आणि त्याचं बायोडिझेल होतं. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्यांना तर मार्च २०१९पासून तेलाची नोंद ठेवणं आणि ते अशाच संस्थेला देणं बंधनकारक आहे. वडापावच्या एकट्या गाडीसाठी टेम्पो कोण पाठवणार, हा प्रश्न खराच. तिथे चौकातल्या पाचदहा जणांनी मिळून एक पिंप ठेवणं हाच उपाय.

आणि मुळात तेल कमी खराब करावं. चुरा रोज गाळून काढायचा, मीठ कढईवर भुरभुरायचं नाही, आच १८० अंश सेल्सिअसच्या वर न्यायची नाही, रात्री झाकण घालायचं. एवढ्याने तेल जास्त दिवस टिकतं, म्हणजे डबे कमी लागतात. ‘आम्ही शुद्ध तेल वापरतो’ अशी पाटी मला तरी नेहमी संशयास्पद वाटते. भजी खाऊन घसा खवखवला नाही की गिऱ्हाइकाला कळायचं ते कळतं.

दुसरी गोष्ट उधारीची. आपलं येणं थकलं की आरडाओरडा करणारा दुकानदार बेसनाच्या गिरणीवाल्याला मात्र तीन-तीन महिने फिरवतो. २००६चा लघुउद्योग कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यात १ एप्रिल २०२४पासून भर पडली: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही, म्हणजे मार्चअखेर ती नफ्यात धरून कर भरायचा. शिवाय वेळेवर पैसे देणाऱ्याला टंचाईत पहिला माल मिळतो, हे बाजारात कोणालाही विचारा.

राहता राहिले कारागीर. परप्रांतातून आलेल्या माणसाला गावाकडच्या रेशनकार्डावर इथे धान्य मिळू शकतं, पण रेशन दुकानात त्याची दाद कोणी घेत नाही. मालकाने अर्धा तास काढून सोबत जावं, खर्च शून्य. उलट, इथे आधार वाटला नाही म्हणून फराळाच्या ऑर्डरी तोंडावर असताना गावी गेलेला शेवेचा कारागीर परतलाच नाही, तर नवा माणूस शोधण्यात आणि त्याचे बिघडलेले घाणे फेकण्यात किती जातं, तो हिशेब दुकानदाराने स्वतःच मांडावा.